सामरीचे गुडघे

साल 1985, जागा भुसावळ जंक्शन. दिवाळी होऊन गेली आहे आणि पहाटे स्वेटर शोधावा इतपत थंडी पडू लागली आहे. तुमच्या खिशातला मोबाइल नाहीसा झाला आहे. त्या जागी दोनच्या काही नोटा, एक कंगवा आणि टेरिकॉटच्या बुशशर्टाला शोभेल असा भडक रुमाल आहे. गांगरू नका, तुमच्याकडे कुणी बघत नाही. सगळ्यांचं लक्ष पार्सल ऑफिसपुढच्या पत्र्याच्या पेट्यांकडे आहे.

पेट्या जड आहेत. कोपरे चेपलेले, कडीत तार पिळून घातलेली, अंगावर रंगाने लिहिलेलं चित्रपटाचं नाव आणि त्याखाली खरवडलेलं आधीचं नाव. आत प्रिंट असते, म्हणजे सात-आठ मोठी रिळं, प्रत्येक आपापल्या गोल डब्यात. बाहेरच्या माणसाला भुसावळ म्हणजे रेल्वे आणि केळी. चित्रपटाच्या धंद्यातल्या माणसाला विचारा, तो म्हणेल, वितरकांचं गाव. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनची कचेरी इथे आहे. मुंबईत तयार झालेला चित्रपट मध्य भारतातल्या गावागावांत जायचा तर त्याचे करार, त्याची उधारी आणि त्याची भांडणं या गावाला टाळून पुढे सरकत नाहीत. एक रूळ इथून नागपूरकडे जातो, एक खांडव्याकडे, आणि रात्री चढवलेली पेटी सकाळी कुठे ना कुठे उतरतेच.

हमाल शेवटची पेटी उचलतो आणि ओरडतो, ‘‘चालला रे सामरी जयगावले!’’

पेटीवर ‘पुराना मंदिर’ लिहिलं आहे. चित्रपट गेल्या वर्षीचा, 1984 चा, पण इकडे तो पुन्हा पुन्हा लागतो. रामसे बंधूंचा माल. या सात भावांचे वडील फतेहचंद रामसिंघानी फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आले. भावांपैकी एक कॅमेरा धरतो, एक आवाज बघतो, एक संकलन करतो, एक लिहितो. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करतात. 1972 च्या ‘दो गज ज़मीन के नीचे’साठी सगळं बिऱ्हाड महाबळेश्वरला जाऊन राहिलं होतं. ‘पुराना मंदिर’मधली हवेली म्हणजे आपल्या मुरूडच्या नवाबाचा राजवाडा. मोठे नट नाहीत, परदेशातली गाणी नाहीत. या भावांना पैसा मिळतो तो मुंबईच्या बड्या थिएटरांतून कमी आणि भुसावळहून सुटणाऱ्या असल्या पेट्यांतून जास्त.

पॅसेंजरने जळगावला या. पेटीही त्याच गाडीत आहे.

टॉकीजचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. जळगावकराला नाव सांगितलं की तो लगेच म्हणतो, छे, तिथे नाही, पलीकडच्या टॉकीजला लागला होता, आणि अर्धा तास त्यात जातो. तुम्हाला जी आठवत असेल ती समजा. नऊ ते बाराचा शो. केवळ प्रौढांसाठी असल्याची पाटी आहे, आणि तिच्याखालून मिसरूड न फुटलेली पोरं डोअरकीपरच्या कृपेने आत जात आहेत. थर्डची बाकं, त्यांवर तंबाखू मळण्याचा आवाज. पंखे बंद, कारण थंडी. तुमच्या शेजारी केळीच्या ट्रकवरचा क्लिनर बसला आहे. त्याने हा चित्रपट आधी पाहिला आहे आणि तो तुम्हाला सगळं आधीच सांगणार आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. दोनशे वर्षांपूर्वी सामरी नावाचा एक नराधम होता. राजाने त्याला पकडलं, शिरच्छेदाचा हुकूम दिला, डोकं पेटीत बंद करून हवेलीत ठेवलं आणि धड जुन्या देवळापाशी पुरलं. मरण्यापूर्वी सामरीने शाप दिला: तुझ्या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल, आणि माझं डोकं धडाला मिळालं की मी पुन्हा उठेन. मग आजचा काळ, ठाकूर, त्याची कॉलेजात जाणारी मुलगी, तिचा प्रियकर, जगदीपचे विनोद आणि गाणी. तुम्ही कितीही सभ्य असलात तरी आतून एकाच गोष्टीची वाट बघत असता. पेटी कधी उघडते?

इथे एक गंमत ध्यानात घ्या. ज्याच्यासाठी घर भरलं आहे तो माणूस पडद्यावर फार थोडा वेळ दिसतो. सुरुवातीला येतो, शाप देतो, जातो. मग कितीतरी वेळ तो एका ठिकाणी डोकं असतो आणि दुसऱ्या ठिकाणी धड. तरी सगळा चित्रपट त्याचाच. नायक पडद्यावर आला की लोक बिडी पेटवतात. अजित सिंगचं संगीत घुमू लागलं की बिडी विझवतात. हे कसं जमतं, याच प्रश्नावर शो सुटल्यानंतर चहाच्या गाडीवर भांडण होणार आहे.

पण त्याआधी मध्यंतरात लोखंडी जिना चढून वर या. ऑपरेटर, ज्याला सगळे नाना म्हणतात, केबिनच्या दारातच उभा आहे. आत दोन प्रोजेक्टर. दिव्याच्या जागी दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर आणि त्यांच्यामध्ये पेटलेली निळसर पांढरी ठिणगी. कांड्या जळून आखूड होतात, म्हणून नाना दर थोड्या वेळाने एक चाक किंचित फिरवून त्यांच्यातलं अंतर राखतो. अंतर वाढलं की पडदा पिवळा पडतो आणि खालून शिव्या येतात. रीळ संपायला आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. नाना दुसऱ्या मशिनची मोटर चालू करतो. पुन्हा ठिपका आला की बदल. खाली कुणालाही कळत नाही.

‘‘कोणाचं काम चांगलं ते मला विचारा,’’ नाना म्हणतो. ‘‘खालचे लोक म्युझिकला घाबरून राहिले. मला इथे मशिनच्या खडखडाटात म्युझिक ऐकूच येत नाही. मी नुसता माणूस बघतो.’’

मध्यंतरानंतर तुम्हीही त्या चौकोनी भोकातून बघा. यंत्राचा आवाज, कार्बनचा वास, आणि पलीकडे लांबवर मुका सामरी. खरं आहे, अर्धी भीती गळून पडते. राहतो तो सहा फुटांच्या बराच वर गेलेला एक देह, खोल डोळे, मोठी हनुवटी आणि चाल.

शो सुटला. बारा वाजून गेलेत. एसटी स्टँडकडे जाणारे गेले, ज्यांना कुठे जायचं नाही ते गाडीवर थांबले. क्लिनर आहे, एका दवाखान्यातला कंपाउंडर आहे, कॉलेजातली दोन पोरं आहेत, नाना खाली उतरला आहे, आणि तुम्ही.

कंपाउंडर म्हणतो, खरं काम शाप देताना. तिथे त्याच्यापाशी ताकद उरलेली नाही, मरण ठरलेलं आहे, तरी समोरचा राजा लहान वाटतो. क्लिनरला हे पटत नाही. त्याच्या मते खरं काम पेटीतलं डोकं. ‘‘नुसतं डोकं, भो! हात नाही, पाय नाही. तुला नुसत्या डोक्याने ॲक्टिंग करायला सांगितली तर काय करशील?’’ यावर कॉलेजचा पोरगा म्हणतो की डोकं आधी डावा डोळा उघडतं. दुसरा म्हणतो, दोन्ही एकदम. पहिल्याने भुसावळला पाहिला होता, पहिल्याच आठवड्यात. दुसऱ्याने आत्ता.

नाना चहा बशीत ओततो आणि दोघांनाही खरं ठरवतो. प्रिंट गावोगाव फिरते. प्रत्येक ठिकाणी कुठेतरी तुटते. तुटली की ब्लेडने दोन्ही टोकं खरवडायची, सिमेंट लावायचं, दाबून जोड करायचा. तेवढ्यात दोन-चार फ्रेम कचऱ्यात जातात. सेकंदाला चोवीस फ्रेम. अर्धा सेकंद कापायला फार काही लागत नाही. ‘‘तू पाहिला तो सामरी हळू डोळे उघडत असेल. आता त्याला घाई झाली.’’

हे मला फार आवडतं. एका नटाची सर्वोत्तम भूमिका कोणती, असा वाद घालणाऱ्या दोन माणसांनी मुळात एकच भूमिका पाहिलेली नाही. भुसावळचा सामरी वेगळा, जळगावचा वेगळा, आणि पेटी यावल-रावेरच्या एखाद्या यात्रेतल्या तंबूत पोहोचेल तेव्हा आणखी कुठला. मोठ्या शहरांतल्या समीक्षकांना ही अडचण नव्हती, आणि तेवढीच मजाही नव्हती.

नटाचं नाव मात्र गाडीवर कुणालाच ठाऊक नाही. पाटीवर ‘अजय अग्रवाल’ असं होतं, पण ती येते तेव्हा लोक जागा शोधत असतात. तुम्हाला माहीत आहे की हा डेहराडूनकडचा माणूस आहे, रुरकीला सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेला, आणि त्याचं खरं नाव अनिरुद्ध. सांगू नका. सामरी इंजिनिअर आहे हे कळलं तर क्लिनरचा जीव जाईल.

त्याच वर्षी ‘3D सामरी’ आला. चष्मा लावून पाहायचा. पडद्यातून हात बाहेर येतो, चष्मे परत गोळा करताना मारामारी होते. त्यातला सामरी नावापुरताच तो. तिथे त्याच्यावरच अन्याय झालेला असतो आणि तो सूड घ्यायला उठतो. नावावर गल्ला जमवायचा होता, जमवला. पुढे चला.

चाळीसगावला गाडी बदला. धुळ्याची पॅसेंजर सावकाश जाते आणि तिच्या डब्यात तुमची पाच वर्षं गळून पडतात. 1990 सरत आलं आहे. आग्रा रोडवर भरताची वांगी विकायला बसलेल्या बायका, पाचकंदीलला सायकलींची दाटी, आणि भिंतीवर ‘बंद दरवाज़ा’चं पोस्टर. काळा झगा, लाल डोळे, वटवाघूळ. तोच माणूस. आता त्याचं नाव नेवला.

चित्रपट बघून बाहेर या. धुळ्यातला वाद जळगावपेक्षा वरच्या पट्टीतला आहे, कारण त्यात एक प्राध्यापक आहेत. इंग्रजी शिकवतात, स्कूटर स्टँडवर लावून उभ्या उभ्या बोलतात, आणि आपण असला चित्रपट पाहायला आलो हे कुणी विद्यार्थ्याने पाहू नये म्हणून मफलर नाकापर्यंत ओढलेला आहे.

सर म्हणतात, नेवला ही सरळ सरळ नक्कल आहे. 1958 साली इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर ली यांनी ड्रॅक्युला केला, त्याचा झगा, त्याची उंची, त्याचं शवपेटीतून उठणं, सगळं इथे आणलंय. पण ली यांच्या एका चित्रपटात, 1966 च्या, ड्रॅक्युलाला एकही वाक्य नाही. एकही नाही! नुसता उभा राहतो, फुत्कारतो. तरी तोच लक्षात राहतो. आणि बोरिस कार्लोफ? 1931 चा ‘फ्रँकेन्स्टाइन’. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या नावापुढे नटाचं नावच दिलेलं नाही, प्रश्नचिन्ह आहे.

‘‘आपल्याकडेही तसंच,’’ पानवाला मध्येच म्हणतो. ‘‘आम्हालाबी याचं नाव माहीत नाही.’’

सर हसतात. त्यांचा मुद्दा असा की नेवला उसना आहे, पण त्यातला नट उसना नाही. झगा घातल्यावर माणूस झग्यामागे लपतो. हा लपत नाही. सामरीत केस, मेकअप, शाप, त्रिशूळ, देऊळ सगळं मदतीला होतं. इथे त्याला एकट्याने उभं राहायचं आहे. म्हणून नेवला श्रेष्ठ. जळगावचा नाना इथे असता तर त्याने टाळ्या वाजवल्या असत्या, त्याचं म्हणणंही जवळजवळ हेच होतं.

कुणीतरी ‘वीराना’चा विषय काढतो. कुणी ‘पुरानी हवेली’तल्या राक्षसाचा. रामसेंच्या चित्रपटातला प्रत्येक उंच प्राणी म्हणजे सामरीच असा खानदेशात समज आहे, आणि तो दुरुस्त करण्यात सरांचा बराच वेळ जातो.

तेवढ्यात पायरीवर बसलेला एक म्हातारा बोलतो. तो साक्रीकडचा, पिंपळनेरच्या वरच्या अंगाचा. नातू सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आहे, रात्री आत एकालाच थांबू देतात, तिथे सून थांबली, म्हणून बाबा सिनेमाला आला. डोक्याला फेटा, पायांत टायरच्या चपला.

‘‘तोंड नको देखू,’’ तो सरांना म्हणतो. ‘‘गुडघा देख.’’

सर मफलर खाली घेतात.

बाबा त्याच्या गावच्या भवाड्यात सोंग नाचवतो. तुम्ही भवाडा पाहिला नसेल तर थोडं थांबा. धुळ्याच्या पश्चिम टोकाला, नाशिकच्या आणि डांगच्या डोंगरांत कोकणा लोकांत चैत्र-वैशाखात रात्रभर हे चालतं. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मोठमोठे रंगवलेले मुखवटे, टेंभ्यांचा उजेड, संबळ आणि सूर. गणपती येतो, सरस्वती येते, रावण येतो, नरसिंह येतो. मुखवट्याचं तोंड हलत नाही. ते रंगवलं तेव्हापासून तसंच आहे. तरी पुढे बसलेल्या पोराला कळतं की आता देव आला आणि आता राक्षस.

‘‘कशावरून?’’ सर विचारतात.

बाबा उठतो. आग्रा रोडच्या कडेला, बंद पडलेल्या ट्यूबलाइटखाली तो रावण चालून दाखवतो. वजन मागच्या टाचेवर. पुढचा पाय उचलतो पण गुडघा पुरता सरळ करत नाही, म्हणून पाय जमिनीवर पडतो तेव्हा तो ठेवल्यासारखा वाटत नाही, रोवल्यासारखा वाटतो. वळायचं असलं की आधी खांदे वळतात आणि डोकं मागून येतं. मुखवटा जड आहे, मानेने वळला तर मान मोडेल. बारीक फटीतून त्याला पुढचं जेमतेम दिसतं, म्हणून तो घाई करू शकत नाही. आणि जो घाई करत नाही त्याचीच भीती वाटते. दहा पावलं चालून म्हातारा थांबतो, पुन्हा म्हातारा होतो आणि पायरीवर बसतो.

पानवाल्याने चुना लावायचं सोडलं आहे.

‘‘त्या सामरीनं मुखवट्याची चाल धरली,’’ बाबा म्हणतो. ‘‘खांदा आधी, डोकं मंग. हाऊ नेवला माणसासारखा चालस. झगा चांगला शे. पण माले काय भेव वाटनं नही.’’

सर आता वादाला उतरतात. मग संगीताचं काय? संगीत काढून घेतलं तर सामरी निम्मा उरतो, मग ते श्रेय नटाचं कसं? बाबाला हा प्रश्नच कळत नाही. सोंगाला आपलं आपलं वाजप असतं. रावणाचं वेगळं, नरसिंहाचं वेगळं. संबळ बदलला नाही तर सोंग कनातीमागून बाहेरच पडत नाही. नाचणारा आणि वाजवणारा मिळून एकच रावण होतो. त्यात कुणाचं किती, हे वाटून कशाला घ्यायचं?

मी इथे बाबाच्या बाजूने आहे. नानाचं मुकं भोक कितीही चतुर असलं तरी नाटकवाल्याला दिवे बंद करून आणि कीर्तनकाराला झांज काढून तपासायचं, असा तो प्रकार झाला. सामरी हे सोंग आहे, आणि सोंगासारखंच ते पेललं आहे. शापवाणी, त्रिशूळ, जुनं देऊळ, शिवाय शिर एकीकडे आणि धड एकीकडे. हे सगळं साक्रीच्या म्हाताऱ्याला ओळखीचं वाटलं यात नवल नाही. नेवल्याच्या अंगावर विलायती कापड आहे. ते त्याला बसतं, शोभतंही, पण शिंप्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर आहे.

सर स्कूटर काढतात. नेवल्यावरचा त्यांचा शब्द कायम आहे, पण गल्ली वळेपर्यंत ते खांद्याने वळून मागे बघतात आणि मान नंतर फिरवतात. एकदा त्यात स्कूटर खड्ड्यात जाते.

1993 लवकर उरकूया. घरोघरी केबल आली आहे, झी टीव्हीवर ‘झी हॉरर शो’ सुरू झालाय, त्यामागेही रामसेच. भीती आता रात्री जेवणानंतर हॉलमध्ये, ट्यूबलाइट लावून, आईच्या शेजारी बसून बघायची वस्तू झाली. त्याच वर्षी मराठीत महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ आला. तात्या विंचू माणूस असतो तोवर दिलीप प्रभावळकर, आणि बाहुला झाला की रामदास पाध्यांचे हात. अमळनेरच्या एका ओट्यावर शाळकरी पोरं सामरी मोठा की तात्या विंचू असा वाद घालताना तुम्हाला दिसतील. त्यांचं ऐकू नका, तात्या विंचूच्या बाजूला लक्ष्मीकांत बेर्डे असतात, त्यामुळे लढत सरळ होत नाही. पण प्रभावळकर बाहुला होण्याआधी जे चालतात-बोलतात त्यावर बाहुल्याची सगळी भीती उभी आहे, एवढं त्या पोरांपैकी एकीने बरोबर पकडलं आहे. सामरीचंही तेच. शाप देणारा माणूस आधी खरा वाटला म्हणून पेटीतलं डोकं चाललं. कंपाउंडरला आणि क्लिनरला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

आता पुन्हा जळगाव, 1996 चा पावसाळा. शेखर कपूर यांचा फूलन देवीवरचा ‘बँडिट क्वीन’ दोन वर्षांपूर्वी कान महोत्सवात दाखवला गेला, मग इथे सेन्सॉर, मग उच्च न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय, आणि या सगळ्यातून निघून तो इथवर आला आहे. थिएटर भरलं आहे आणि ते कशासाठी भरलं आहे ते पुरुषांच्या चेहऱ्यांवर दिसतं. शिट्ट्या आधीपासून सुरू आहेत. तुम्ही मागच्या रांगेत बसा.

पडद्यावर चंबळचे डाकू येतात. त्यांचा म्होरक्या बाबू गुज्जर. दिवसाउजेडी, उन्हात, साध्या कपड्यांत. केस सामरीचे नाहीत, मेकअप नाही, झगा नाही, ढोल-ताशे नाहीत. तो फूलनकडे वळतो.

तुमच्या पुढच्या रांगेत एक माणूस ताठ होतो. ‘‘अरे,’’ तो शेजारच्याला म्हणतो, ‘‘हाऊ ते सामरी शे!’’

ते वाक्य एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जातं. कुणी हसतं, हसू अर्ध्यात थांबतं. लोक ज्याच्यासाठी आले होते ते दृश्य सुरू होतं, आणि शिट्टी वाजत नाही. सामरीला बघताना या थिएटरात किंचाळ्या उठत, त्या पाठोपाठ हशा उठे, मग शेंगा फुटत. भीतीला बाहेर पडायला वाट होती. इथे वाटच नाही. पडद्यावरचा हा माणूस मंत्राने मरणार नाही, त्रिशूळ बघून मागे सरणार नाही, आणि असा माणूस प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या गावात पाहिलेला आहे. काही जण मान खाली घालून चपला शोधतात, त्या पायांतच असतात.

बाहेर पाऊस आहे. चहाची गाडी त्याच जागी, आता तिला ताडपत्रीचं छप्पर आहे. नाना थकला आहे. टॉकीजमध्ये कार्बन जाऊन झेनॉनचा दिवा आला, चाक फिरवायला कुणी लागत नाही. पण वाद घालायला तो उतरतोच.

‘‘झालं,’’ तो म्हणतो. ‘‘निकाल लागला. हे काम सगळ्यांत मोठं. इथे म्युझिक काढा, मेकअप काढा, काहीच काढायला राहिलं नाही. उरलेला नुसता माणूस आहे, आणि त्यालाच लोक भ्याले.’’

कंपाउंडर आता स्वतःचं मेडिकल चालवतो. तो नानाच्या बाजूने जातो. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर बहुतेक जाणकार नानाच्याच बाजूने जातील. ही भूमिका आहे, सोंग नाही. तिला सोंगाचं कसलंच पाठबळ नाही. तुम्ही काय म्हणाल मला ठाऊक नाही. मी अजून सामरीलाच धरून आहे. बाबू गुज्जर असह्य आहे कारण तो खरा आहे, आणि त्या खरेपणाचा मोठा वाटा फूलनच्या बाजूने, सीमा बिस्वास यांच्याकडून येतो. तिच्या डोळ्यांतून आपण त्याला बघतो. सामरीला कुणाचे डोळे उसने मिळाले नव्हते. त्याला दोन गुडघे, दोन खांदे आणि अजित सिंगचं वाजप एवढंच मिळालं, आणि पडद्यावर नसतानाही त्याने घर धरून ठेवलं. नट पडद्यावर नसताना काम करतो, ही गोष्ट मोजायची कशी हे कुणी अजून ठरवलेलं नाही, म्हणून ती यादीत येत नाही.

‘‘पण हा सामरी नाहीच,’’ एक नवा पोरगा म्हणतो. चष्मा, हातात स्पर्धा परीक्षेचं पुस्तक. ‘‘मी नावं वाचली. बाबू गुज्जरच्या पुढे अनिरुद्ध अग्रवाल आहे. सामरीवाला अजय अग्रवाल. भाऊ असेल.’’

गाडीवर शांतता पसरते आणि मग एकदम सगळे बोलू लागतात. भाऊ? एवढी उंची, असल्या दोन हनुवट्या एका घरात? क्लिनर, जो आता ट्रकचा मालक आहे, शंभर रुपये काढतो. एकच माणूस. पोरगा पन्नास काढतो. दोन माणसं. नाना म्हणतो, मी अकरा वर्षं त्या भोकातून बघितलंय, चालीवरून सांगतो, एकच. पोरगा म्हणतो, चाल कोर्टात चालत नाही.

तुम्ही न राहवून बोलता. एकच आहे, म्हणता. अनिरुद्ध हेच खरं नाव, अजय फक्त रामसेंच्या पाटीवर. इंजिनिअर आहे, रुरकीचा.

सगळे तुमच्याकडे वळतात. क्लिनर तुम्हाला आपादमस्तक न्याहाळतो.

‘‘सामरी इंजिनिअर?’’ तो म्हणतो. ‘‘तुम्ही कोण, भाऊ? कुठून कळलं तुम्हाला?’’

आता सांगा काय सांगायचं ते. इंटरनेट तुमच्याजवळ नाही. मासिकाचं नाव घ्याल तर ते बघायला मागतील. तुम्ही तोंड उघडून मिटता, आणि चष्मेवाला पोरगा समाधानाने म्हणतो, बघा, यांना पण खात्री नाही.

पैजेचे दीडशे रुपये चहावाल्याकडे ठेवायचं ठरतं. तो नको म्हणतो. नानाची उधारी त्यातून वळती झाली तर मागाहून भांडण नको, म्हणतो, आणि तुमच्या चहाचे पैसे आधी द्या.